मागची खोली – खाली

गजभिये साहेबांना कोणी जेवायला बोलावलं, की ते आधी त्या घरच्या संडासात जातात. पोट बिघडलंय म्हणून नव्हे. दार लावून घेतात, पाच-सात मिनिटं आत राहतात, दोनदा पाणी सोडतात आणि बाहेर येऊन रुमालाला हात पुसत यजमानाला सांगतात, "न्हाणीकडची भित पाणी पिऊन राह्यली जी. जेवून घेऊ, मंग दाखवतो." यजमानाच्या घशाखाली मग घास उतरत नाही. साहेब मात्र दोनदा भात घेतात.

आमच्या वॉर्डातल्या एक आजी वारल्या तेव्हाची गोष्ट. साहेब भेटायला गेले आणि अर्धा तास वर छताकडे पाहत गप्प बसून राहिले. लोकांना वाटलं, माणसाला फार लागलंय. उठताना त्यांनी थोरल्या मुलाचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "आई तं गेल्या, बापा. पण तुमी त्या बीमखाली नोका बसू." मुलानं रडता रडता वर पाहिलं आणि सतरंजी दोन हात पलीकडे सरकवली.

साहेब सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, नाहीतर ब्लडप्रेशर. साहेबांनी घरं तपासायला घेतली. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात कोणी जुनं घर विकत घ्यायला निघालं, की कागद वकिलाला दाखवायचा, दिशा वास्तुवाल्याला दाखवायची आणि घर गजभियेंना. वास्तुवाल्याचं नाव काढलं की साहेब म्हणत, "दिशा सूर्य पाहून घेईल. तुमी स्लॅब पाहा." फी एकच: घर पसंत पडून घेतलंच, तर किलोभर चिन्नोर तांदूळ. घर नापास झालं तर काही नाही. आणि मला नेहमी वाटायचं, की घर नापास झालं की साहेब जास्त खूश असतात.

अंगानं वाळके, पँट छातीपर्यंत ओढलेली. जवळ एक सायकल, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते तिला हाताशी धरून चालवत नेत, एखाद्या वयस्क बहिणीला दवाखान्यात न्यावं तसे. मी एकदा विचारलं, साहेब, बसत काहून नाही? म्हणाले, "बसलो का रस्ता पाहा लागते. भिंती पाहाच्या राहून जातेत."

त्यांची घर तपासणी ज्यानं पाहिली नाही त्याला थोडी कल्पना देतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

सकाळी साडेसातला येणार. विकणाऱ्याच्या घरचा चहा पिणार नाही, थर्मास स्वतःचा. "इकणाऱ्याचा चहा पेला का वाकडी भित सरळ दिसते." पायातले बूट काढणार, कारण फरशीची ओल तळव्याला आधी कळते. मग पिशवीतून एक ओळंबा, एक टॉर्च, एक स्टीलचा चमचा आणि एक हिरवा कंचा, म्हणजे काचेची गोटी. चमच्यानं फरश्या ठोकत जाणार. ठोकताना डोळे मिटलेले, जणू तबला लावताहेत. पोकळ फरशी लागली की "हं" म्हणणार. कंचा खोलीच्या मधोमध ठेवून बोट उचलणार आणि तो कुठं पळतो ते वाकून पाहणार. नळ सगळे एकदम सोडणार. कपाट ओढून त्याच्या मागचं पाहणार, कारण "मालक जे लपवते ते कपाटामागंच लपवते."

आणि शेवटी, प्रत्येक खोलीत दोन मिनिटं जमिनीवर उताणे पडणार. हात छातीवर, डोळे उघडे. पहिल्यांदा पाहणारी बाई किंचाळतेच. साहेबांचं म्हणणं, "मानूस घरात अर्धी जिंदगी आडवा राहते. मंग उभ्यानं पाहून कसं समजंन?" वारासिवनीच्या एका तांदूळ मिलवाल्यासाठी घर पाहताना ते असे पडले आणि त्यांना झोप लागली. चांगली तासभर. उठून त्यांनी कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं: "वरची खोली – झोप लागते." मिलवाल्यानं तेवढ्यावर घर घेतलं.

हा त्यांचा कागद म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. एकच फुलस्केप, खाली कार्बन घालून. प्रत्येक बाबीपुढे दोन शब्द, फार तर तीन. "छत – ठीक. नळ – रडतो. खिडकी – नावाची. जिना – म्हाताऱ्याचा दुश्मन. चूल – बाईले विचारा." यापेक्षा लांब लिहायला ते तयार नसत. "नोकरीत तीस वर्स लांबलांब लिवलं, मास्तर. कोणी वाचलं नाही. दोन शब्द मानूस वाचतेच." कागद घडी करून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि बूट घालून चालू लागायचं. तोंडी एक अक्षर नाही. तोंडी सांगितलं की विकणारा भांडतो, असा त्यांचा अनुभव.

भाषेचाही एक नियम होता. घेणारा हिंदी असला तर कागद हिंदीत. आडनाव मराठी असलं तर मराठीतच, मग कोणी कितीही सांगो. "आपल्यावाल्यांले आपल्या बोलीत. तेवढं तं राहू द्या."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी बोलायला कमी आहे, हे माझी बायको सुमन लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगते आहे. आजवर त्याला मी माझा स्वभाव म्हणत आलो. मी इथल्या सरकारी शाळेत हिंदी शिकवतो. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हीची मिसळ, आमच्यासारख्यांचं इथं असंच असतं. कोणता शब्द या भाषेतून त्या भाषेत गेला की अर्थ बदलतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ते माझं पोटापाण्याचं काम आहे.

साहेब बारा-तेरा वर्षं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत. सायकल कुंपणाला, साहेब खांबाला टेकून. मी बोलत नसे, त्यामुळे त्यांना फार सोयीचं होतं. ते गावातल्या घरांच्या तब्येती सांगत, मी वह्या तपासत "हौ" म्हणत असे. सुमन चहा आणून देई. त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. गोंदिया रोडच्या बाजूला एक खोली भाड्यानं घेतलेली, तीच नोकरीत असतानाची. मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लोक हसत, की दुनियेची घरं पाहणाऱ्या माणसाला स्वतःला एक सापडलं नाही.

एकदाच त्यांनी त्याबद्दल सांगितलं. बायको दर दोन-चार महिन्यांनी एखादं घर काढायची आणि साहेब ते नापास करायचे. "तिले एक घर गंज आवडलं होतं. हट्टा गावच्या रस्त्यावर. अंगणात सीताफळ. म्या कंचा सोडला तं तो दारातूनच बाहीर पळाला. म्हटलं, पाया कच्चा हाय, पाच वर्साच्या वर टिकत नाही." मग त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाले, "अजून उभं हाय, मास्तर. परवाच पाहून आलो."

मी नेहमीप्रमाणे "हौ" म्हणालो.

मग आमचं घर विकायचं ठरलं. वडिलांनी बांधलेलं, आम्हा दोघा भावांचं. भाऊ नागपूरला, त्याला इथं यायचं नव्हतं, आणि सुमनच्या गुडघ्यांना तो उंच ओटा झेपेनासा झाला होता. दोन गिऱ्हाइकं पाहून परत गेली. तिसरा आला मनोज बोरकर. भरवेलीच्या खाणीत नोकरी, कॉलनीच्या क्वार्टरमध्ये कंटाळलेला, बायको सुनीता शिवणकाम करणारी. आडनाव बोरकर, पण जन्म आणि शाळा सगळी हिंदीतली. मराठी त्याला आजीच्या आवाजात थोडी आठवायची, तेवढीच. मोटारसायकल उभी करून तो हसत म्हणाला, "सर, घर तो पसंद है. बस एक बार गजभिये साहब से चेक करवा लूँ? कॉलनी में सब बोल रहे हैं उनको दिखाए बिना मत लेना."

मला ते नको होतं. कारण आमच्या घरात एक गोष्ट होती, आणि ती मला ठाऊक होती. मागची खोली वडिलांनी नंतर जोडली होती. तिथं आधी खताचा खड्डा होता, तो बुजवून वर फरशी घातलेली. दरवर्षी ती खोली एखाद्या दोऱ्याएवढी खाली जायची. दरवर्षी पावसाळ्यात तिचं दार अडकायचं आणि सुतार येऊन खालून तासून द्यायचा. कपाट एका बाजूला कलायला लागलं तेव्हा आम्ही ती खोली रिकामीच करून टाकली होती.

तपासणीच्या दिवशी साहेब साडेसातला आले. बारा वर्षं ज्या घरचा चहा प्यायले, त्या घरात थर्मास घेऊन. सुमन सवयीनं कप घेऊन बाहेर आली, तर त्यांनी हात जोडले. "वहिनी, आज नाही. आज मास्तर मास्तर नाहीत, इकणारे हायेत." मला तर त्यांनी ओळखच दाखवली नाही. "घरमालक, मेन स्विच कुठं हाय जी?" म्हणाले. मी तो दाखवला. चारही खोल्यांत ते उताणे पडले. मागच्या खोलीत दोनऐवजी पाच मिनिटं. कंचा तिथं कुठं गेला हे मी पाहिलं नाही. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो, दुसऱ्यांदा.

साहेबांनी कागद लिहिला, घडी करून मनोजच्या हातात दिला, बूट घातले आणि सायकल घेऊन निघून गेले. मागं वळूनही पाहिलं नाही.

मनोजनं कागद उघडला आणि डोकं खाजवलं. "ये तो मराठी में है, सर. बताओ न जरा." मी शेजारी बसलो. एकेक ओळ वाचली आणि एकेक समजावून सांगितली. "नळ – रडतो. मतलब टपकता है." "ओटा – उंच." "भिंत पूर्व – ओली. इसमें सीलन है, बारिश में दिखेगी." मी काहीच लपवलं नाही. अकरा बाबी मी त्याला खऱ्याखऱ्या सांगितल्या, हे आजही मी स्वतःला सांगत असतो.

बारावी शेवटची होती. तिचा अर्थ त्याला विचारावा लागला नाही. त्यानं स्वतःच बोट ठेवून वाचली.

"मागची खोली – खाली. ये तो समझ गया, सर. पीछे वाला रूम खाली है. अरे बढ़िया! सुनीता की मशीन वहीं लग जाएगी." मग माझ्याकडे पाहिलं. "खाली है न, सर?"

खोली खरंच रिकामी होती. आत एक खुंटीसुद्धा नव्हती. साहेबांनी मात्र लिहिलं होतं, की ती खाली गेली आहे, खचते आहे.

"हाँ," मी म्हणालो. "खाली है."

हिंदीत मी खरं बोललो. मराठीत खोटं. आणि दोन्हीसाठी मला शब्द एकच पुरला.

घर विकलं गेलं. आम्ही शाळेजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मनोजनं साहेबांना तांदूळ नेऊन दिले. साहेब नव्या घरी येऊ लागले. इथं ओटा नव्हता, तर दारात खुर्ची टाकून बसत. एकदा म्हणाले, "बोरकर शाना निघाला. खालीचा इलाज करून घेतला असंन त्यानं." मी वह्या तपासत होतो. मी "हौ" म्हणालो.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारी सुनीता मागच्या खोलीत मशीनवर बसलेली असताना फरशी एकदम बसली, चौकट वाकली आणि दार घट्ट झालं. भिंतीतून माती गळायला लागली. मनोज ड्यूटीवर होता. तिच्या ओरडण्यानं शेजारी धावले आणि त्यांनी पहारीनं दार फोडून तिला बाहेर काढलं. खांद्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण भिंतीला भेग अशी पडली होती की तिच्यात हात जावा.

संध्याकाळी मनोज कागद घेऊन आमच्या दारात आला, कारण साहेब यावेळी कुठं सापडतील हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"ये क्या लिखा है आपने, साहब? खाली है! आपने तो लिखा था खाली है!"

साहेबांनी चष्मा लावून कागद पाहिला. "हौ. खालीच हाय. म्या लिवलंच हाय तं."

"अरे खाली था, तभी तो मशीन लगाई!"

"खाली हाय तं मशीन कायले लावली, बापा?"

"खाली कमरे में नहीं लगाऊँगा तो क्या भरे कमरे में लगाऊँगा?"

समोरच्या घरातले दोघे हसू आवरत होते. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही दुसरा वेडा वाटत होता. मध्ये फक्त मी होतो, ज्याला दोन्ही कळत होतं. मनोज रडकुंडीला येऊन म्हणाला, "मेरी औरत दब के मर जाती, साहब! मैंने तो सर से भी पूछा था. सर ने भी बोला, खाली है!"

साहेब थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंचा पळताना पाहतात तसं, थोडं वाकून. मग चष्मा काढला, कागदाची घडी घातली.

"मास्तरले मधात नोका आणू," ते म्हणाले. "कागद माहा. शब्द माहा. चूक माही."

मी काही बोललो नाही. खरंच, एक अक्षरही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब बोरकरच्या घरी टेकू लावायला गेले तर त्यांना फाटकातूनच हाकलून दिलं. आठ दिवसांत गावभर झालं. पानठेल्यावर त्यांचं नाव पडलं 'खाली साहब'. भरवेलीच्या कॉलनीतून बोलावणं बंद झालं, मग गावातूनही. पिशवी सायकलला लटकेनाशी झाली.

आणि मी काय केलं? साहेबांच्या समोर बसणं मला जमेना. संध्याकाळी त्यांची सायकल गल्लीत वाजली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो आणि सुमनला सांगायचो, घरी नाही म्हण. ती म्हणायची, "काहून? काय झालं तुमाले?" मी सांगत नसे. काही दिवसांनी सायकल वाजणं थांबलं. मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो.

पोळा झाला, दिवाळी झाली. मार्गशीर्षात एकदा मी पानठेल्यावर उभा होतो. साहेब पलीकडून चालले होते. ठेल्यावरच्या एकानं हाक मारली, "अरे खाली साहब! जरा इधर तो आओ. मेरी जेब चेक करना है, ठोक के बताओ, खाली है क्या?" सगळे खिदळले. साहेबही थांबून हसले. नुसते तोंडदेखले नाहीत, चांगले हसले. पुढं आले, त्याच्या खिशावर बोटानं टक्टक् केलं आणि म्हणाले, "जेब ठीक. डोकं पोकळ." पुन्हा हशा झाला. मग ते सायकल घेऊन पुढं गेले आणि मला दिसलं, की ते रस्त्याकडे पाहत चालले होते. दोन्ही बाजूंच्या एकाही भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

माझ्या तोंडातलं पान मी थुंकलं.

रविवारी सकाळी मी आधी मनोजकडे गेलो. सुनीतानं दार उघडलं. मशीन आता पुढच्या खोलीत, पलंगाला खेटून होती. मागच्या खोलीला बाहेरून दोन लोखंडी टेकू. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"मनोज, उस दिन तुमने पूछा था, खाली है न. मराठी में खाली मतलब नीचे. साहब ने लिखा था कि कमरा धँस रहा है. उन्होंने सही लिखा था. मुझे मालूम था."

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "आप तो हिंदी के सर हो."

"हाँ."

"फिर?"

ती खोली पायापासून नीट करून देईन, एवढं मी बोललो. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुनीता मात्र माझ्याकडे पाहत होती. "हमने उस बुजुर्ग आदमी को गेट से भगा दिया, सर," ती म्हणाली. "पानी तक नहीं पूछा."

मनोज न वळता म्हणाला, "आपको मैं बाद में देखूँगा. पहले उनके पास जाओ."

बारा-तेरा वर्षांत मी साहेबांच्या खोलीवर कधी गेलो नव्हतो. तेच येत, म्हणून जायची वेळच आली नाही. गोंदिया रोडवर दोघांना विचारत गेलो. "खाली साहब? वो पीछे, नीम के बाजू." दार उघडंच होतं. आत खाट, स्टोव्ह आणि एक खुर्ची. एकच. साहेबांनी मला पाहिलं, काही विचारलं नाही. खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि ती माझ्याकडे सरकवली. स्वतःसाठी बादली पालथी घातली.

मी म्हणालो, "साहेब, तुमचा शब्द चुकला नव्हता. मले समजलं होतं. तवाच समजलं होतं."

"मालूम हाय."

"कवापासून?"

"बोरकरनं तुमचं नाव घेतलं ना, तवापासून." ते स्टोव्हला पंप मारू लागले. "हिंदीचे मास्तर हाव तुमी. तुमाले समजलं नसंन, असं कसं मानू?"

"मंग बोलले काहून नाही? गाव तुमाले हासून राह्यलं. सांगून टाकाचं होतं माह्यं नाव!"

स्टोव्ह पेटला. त्यांनी पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, साखर घातली.

"सांगतलं असतं तं तुमी शरमेनं माह्यासंगं बसणं सोडलं असतं," ते म्हणाले. "मंग संध्याकाळी म्या कुठं जातो?"

मला वर पाहवेना. ते पुढं बोलले, तक्रारीचा सूर नव्हता, एखादी बाब नोंदवावी तसं. "तरी सोडलंच तुमी. अकरा दिवस आलो. वहिनी म्हणत, घरी नाहीत. वहिनीचं चुकलं नाही, तुमीच सांगतलं असंन. पण मास्तर, चपला तं दारातच होत्या जी. डावीचा अंगठा तुटलेला. म्या पाहणारा मानूस. कपाटामागचं दिसते मले, दारातलं दिसणार नाही?"

पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी चहाची पूड घातली.

"उद्या पानठेल्यावर सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. "लिहूनही काढतो."

"नोका. मंग ते तुमाले हासतीन."

"हासू द्या."

"मोठं नोका लिवू," ते म्हणाले. "कोणी वाचत नाही."

चहा प्यायलो. बोरकरची खोली कशी सावरायची यावर ते बोलत राहिले. खड्डा उकरा लागंन, मुरूम भरा लागंन, पाणी मारून ठोका लागंन, घाईनं जमणार नाही. बोलता बोलता त्यांचे डोळे माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेले आणि तिथं थोडे रेंगाळले. मी उठलो. ते दारापर्यंत आले. मी चपला घालत असताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं, मुद्दामच पाहिलं असावं.

"उद्या संध्याकाळी घरी राहता का जी?" त्यांनी विचारलं.

"हौ," मी म्हणालो. "घरीच हाव."